लाल बोयाच्या पुढे

जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी कप्तान तीखोन सावेलिच बुरलातोवच्या ध्यानात आलं, की आपली रकेता, ती पंखांची वेगवान प्रवासी नाव, आज नदीतल्या लाल बोयाच्या पुढे गेल्यावर उठली.

एरवी असं होत नसे. कझानच्या धक्क्यावरून पावणेसातला सुटायचं, वळण घेऊन इंजिनाला पूर्ण जोर द्यायचा. नाव आधी नाक वर करून पाणी फाडत, धापा टाकत निघायची. मग पोटाखालचे पंख पाणी धरायचे आणि लाल बोया यायच्या आत ते पंचवीस टनांचं धूड पाण्यावर उचललं जायचं. अकरा हंगाम झाले तरी तीखोनला तो क्षण आवडायचा. खडखड थांबायची, पाण्याची ओढ एकदम सुटायची आणि पोटात साठ-पासष्ट माणसं घेऊन नाव ताशी साठ किलोमीटरनं व्होल्गावरून निघायची. पाण्यात उरायचे ते फक्त दोन पंख आणि त्यांचे खांब. पहिल्यांदा बसलेल्या म्हाताऱ्या छातीवर क्रूस काढायच्या आणि चिस्तोपोल येईपर्यंत घोरायला लागायच्या.

साध्या बोटीत दोन टन जास्त टाकले तर ती दोन बोटं खाली बसते आणि तशीच चालते. रकेताचं तसं नाही. तिला सगळं वजन उचलावं लागतं. म्हणून वजन वाढलं की ती उशिरा उठते, आणि हे तीखोनला कुठल्याही घड्याळाआधी पायाच्या तळव्यांना कळायचं.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यानं मनगटावरचं घड्याळ लावून बघितलं. दीड मिनिटाच्या जागी सव्वादोन मिनिटं. नाक तर अगदी शिसं भरल्यासारखं. पण खरी गंमत पुढेच होती. दीड-पावणेदोन तासांनी कामा नदीवरच्या लाईशेवच्या धक्क्याला लागून नाव पुन्हा निघाली, ती पिसासारखी उठली. तिथे उतरली चार माणसं आणि चढली पाच.

म्हणजे कझानला काहीतरी चढतं आणि लाईशेवला उतरतं.

आणि लाईशेवचा माणूस नावेवर एकच होता. इल्गिझार, इंजिन सांभाळणारा तातार. पस्तिशीचा, सडपातळ, कमी बोलणारा. गेल्या वर्षी तो तीखोनच्या हाताखाली आला होता. काम चोख होतं, त्यात खोट काढता येत नव्हती, आणि आता तीखोनला तेच खुपायला लागलं. रोज सकाळी इल्गिझार दोन पोती पाठीवर मारून यायचा, ती इंजिनाच्या खोलीत टाकायचा, आणि लाईशेवला त्याची थोरली बहीण मिन्निसा हातगाडी घेऊन उभी असायची. पोती देताना तो आधी डावीउजवीकडे बघून घ्यायचा. हे बघणं तीखोननं वरून, सुकाणूच्या काचेतून, तीनदा पाहिलं.

"पोत्यांत काय असतं रे?" त्यानं एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं.

"काही नाही, तीखोन सावेलिच. घरचं सामान."

"घर लाईशेवला आणि सामान कझानहून?"

"बहिणीचं," एवढं म्हणून इल्गिझार खाली गेला.

तीखोनच्या मनात पाल चुकचुकली ती इथे. त्याला कारणही होतं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका मालवाहू बोटीवर कप्तान असताना, ज्याच्याबरोबर तो एका ताटात जेवायचा, त्या सहकाऱ्यानं कोळशाखाली चोरून मासळी नेली होती. पकडली गेली तेव्हा सहकारी म्हणाला, कप्तानाला माहीत होतं. तीखोनला काहीएक माहीत नव्हतं. तरी दोन वर्षं त्याला गाळ उपसणाऱ्या बोटीवर काढावी लागली. तेव्हापासून माणूस जितका सरळ दिसेल तितकं त्याच्याकडे वाकड्या नजरेनं बघायचं, हे त्याचं ठरून गेलं होतं.

आता कामा नदीत शिरताना, इंजिनाचा आवाज ऐकताना, चहा पिताना त्याचं लक्ष इल्गिझारवरच. तेवढ्यात त्याला वही दिसली. हिरव्या पुठ्ठ्याची, तळहाताएवढी. नाव पंखांवर उठली की इल्गिझार इंजिनाच्या खोलीतून डोकं बाहेर काढायचा, किनाऱ्याकडे बघायचा, खिशातून वही काढून काहीतरी टिपायचा आणि पुन्हा खिशात.

"कापा, तो काय लिहितो गं?" तीखोननं कापितोलिनाला विचारलं. कापितोलिना नावेवर तिकिटं फाडायची, दोर टाकायची, लोकांना दटावायची. पन्नाशीची, जाडजूड बाई. प्रवासी तिला कापा मावशी म्हणत.

"प्रेमपत्रं लिहीत असेल," कापा म्हणाली. "मला लिहीत असेल तर सांगा त्याला, मोठ्या अक्षरात लिही म्हणावं. चष्मा घरी विसरते मी."

"मी चेष्टा करत नाही."

"तेच तर. तुम्ही चेष्टा करत नाही, हसत नाही, आठ दिवस झाले तोंड कडू. सावेलिच, पोट बिघडलंय का?"

"नाव जड चालतेय."

"मग मला उतरवा. शंभर किलो एका झटक्यात कमी!"

तो हसला नाही. वहीचं त्याला आता कळल्यासारखं वाटत होतं. माणूस स्वतः चोरी करतो आणि अडकायची वेळ आलीच तर कप्तानाविरुद्ध सादर करायला कागद तयार ठेवतो. कारण इल्गिझारकडे त्याच्याविरुद्ध लिहिण्यासारखी एक गोष्ट होती.

ती गोष्ट जूनमधली. कामा नदीच्या वरच्या अंगाला जंगलं तोडतात, लाकडं नदीतून खाली सोडतात, आणि त्यातले काही ओंडके पाणी पिऊन जड होतात. ना बुडत, ना तरंगत. पाण्याखाली हातभर लपून उभे राहतात. एकोणीस जूनला सकाळी धुकट उजेडात, पूर्ण वेगात असताना, नावेच्या नाकाखाली ठक्क झालं. नाव थरथरली आणि पुढे गेली. इल्गिझार धावत वर आला होता.

"तीखोन सावेलिच, काही लागलं का खाली?"

"लाट होती."

"लाटेचा असा आवाज येतो?"

"माझ्या नदीत येतो. तू इंजिन बघ."

नोंदवहीत टक्कर लिहिली असती तर नाव पाण्याबाहेर काढून तपासावी लागली असती, तीन-चार दिवस फेऱ्या बंद. पण खरं कारण ते नव्हतं. अकरा वर्षांत तीखोनच्या नोंदवहीत एकही टक्कर नव्हती, आणि हे धक्क्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यानं लाट म्हटलं, आणि चार दिवसांत त्याला स्वतःलाही ती लाटच वाटायला लागली.

आता जुलैत इल्गिझारनं तो विषय पुन्हा काढला.

"माझं ऐका, एकदा क्रेननं उचलून पंख बघून घेऊ. इंजिन पूर्ण जोर देतंय, तरी उठायला वेळ लागतोय. त्या जूनमधल्या—"

"लाटेबद्दल बोलतोयस?"

"तुम्ही लाट म्हणालात."

"आणि तू काय म्हणतोस?"

"मी काही म्हणत नाही. म्हणायचं असतं तर कधीच म्हटलं असतं."

तीखोनला ही सरळसरळ धमकी वाटली. त्याला त्या रात्री झोप लागली नाही.

नियम असा की नावेच्या तळाचे कप्पे रोज झाकणं उघडून बघायचे. सकाळी कझानला तेवढा वेळ नसे, म्हणून इल्गिझार ते चिस्तोपोलला पोचल्यावर करायचा. पुढच्या आठवड्यात एक दिवस चिस्तोपोलला तो तेल आणायला गेल्याचं पाहून तीखोननं पाना घेतला आणि पुढच्या दालनातल्या बाकाखालचं झाकण स्वतः उघडलं. आत काही नव्हतं. पण तळाचा पत्रा ओलसर होता, चकचकीत, कुणीतरी नुकताच धुऊन काढल्यासारखा. कोपऱ्यात करडा गाळ साचलेला. त्यानं तो चिमटीत चोळून पाहिला.

सिमेंट! कझानमध्ये बांधकामं जोरात होती, चोरीचं सिमेंट हवं तेवढं मिळत होतं आणि इल्गिझारचा मेहुणा लाईशेवला घर बांधत होता. पोती खाली लपवायची, लाईशेवला उतरवायची आणि भुकटी राहू नये म्हणून कप्पा धुऊन काढायचा. सगळं जुळलं. नाव एवढी जड व्हायला लागतं तसं रोज दीड टन सिमेंट तीन आठवडे जात राहिलं असतं तर त्यात अर्धं लाईशेव उभं राहिलं असतं, आणि पाच मिनिटांच्या थांब्यात बाकं भरलेली असताना तीस पोती कुणाच्या नजरेला न पडता खालून काढणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. पण हे त्याला सुचलं नाही. संशयी माणूस हिशेबात पक्का असतो, फक्त एकाच बाजूच्या.

संध्याकाळी कझानला परतल्यावर तो नदी-तपासनीस प्तित्सिनकडे गेला. प्तित्सिन कोरडा, म्हातारा माणूस. दोन्ही खिशांत पेन्सिली.

"उद्या सकाळी या. न सांगता. माणसं चढायच्या आधी," तीखोन म्हणाला.

"कुणासाठी? माणसाचं नाव सांगा."

"तो माणूस तुमचा तुम्हालाच सापडेल."

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला प्तित्सिन धक्क्यावर हजर होता. कापानं साखळी लावून प्रवासी अडवले.

"आमचं ऊन लागून लोणी व्हायचं का इथे?" टोपल्या घेतलेली एक बाई ओरडली.

"लोणी झालंस तर पावाला लावीन," कापा म्हणाली. "साहेब तपासणी करतायत. गप्प उभी राहा."

तेवढ्यात इल्गिझार पोती घेऊन आला. प्तित्सिनला बघून जागीच थबकला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तीखोनला वाटलं, सापडला.

"उघड," प्तित्सिन म्हणाला.

पोत्यांत वाळलेल्या पावाचे तुकडे होते. बंदराच्या खानावळीतले, ताटांत उरलेले, काही चावलेले, काही हिरवट बुरशीचे.

"बहिणीनं हंस पाळलेत," इल्गिझार खाली बघत म्हणाला. "चाळीस. खानावळवाल्या बायका फेकूनच देतात हे."

पाव जनावरांना घालायला कायद्यानं बंदी होती, आणि तो डावीउजवीकडे का बघायचा ते आता उघड झालं. प्तित्सिननं एक तुकडा उचलून बघितला, पोत्यात परत टाकला आणि पेन्सिलीनं कान खाजवला. "ह्यासाठी मला सकाळी उठवलंत?"

"पुढचा कप्पा," तीखोन म्हणाला. त्याचा आवाज थोडा चढला होता. "पुढचा कप्पा उघडा."

इल्गिझारनं त्याच्याकडे चमकून बघितलं, पाना आणला आणि बाक सरकवून झाकण काढलं.

आत काळं पाणी होतं. झाकणाखाली वीतभर जागा सोडून भरलेलं. त्यावर तेलाचा एक तवंग हळूच फिरत होता.

मग इल्गिझारनं बाही वर केली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. "गार आहे," तो म्हणाला. "नदीचं आहे. हे कुठून आलं?"

"तेच मी तुला विचारतो," प्तित्सिन म्हणाला. "कप्पे शेवटचे कधी बघितलेस?"

"काल. चिस्तोपोलला. कोरडा होता हा."

"काल कोरडा आणि आज पाण्यानं भरलेला? न बघताच सही ठोकलीस. पाव चोरायला वेळ आहे, झाकण उघडायला नाही. ह्याला काय म्हणतात ठाऊक आहे का? साठ माणसं बसतात ह्या नावेत."

"मी बघितला होता."

"कप्तान, तुम्ही सांगा. बघतो हा?"

काल चिस्तोपोलला तो कप्पा तीखोननं स्वतः उघडून बघितला होता. ओलसर. धुतल्यासारखा. "कोरडा होता," तो कसाबसा म्हणाला. "मीही बघितलाय. चिस्तोपोलला कोरडाच असतो."

इल्गिझार अजून हात पाण्यात ठेवून बसला होता. तो पुटपुटायला लागला, जणू स्वतःलाच समजावत होता. "इथे ती रात्रभर पाण्यात बसते. भेग असेल तर पाणी थेंब थेंब आत येतं. सकाळी जड. मग ती उठते... उठली की तळ पाण्याबाहेर. आणि सगळा भार पुढच्या पंखाच्या खांबावर. खांब ओढला जातो, भेग उघडते, आणि पाणी खाली पडून जातं. लाईशेव येईपर्यंत रिकामी." तो थांबला. "रोज थोडी जास्त उघडत असणार. मी वेडा, इंजिनात शोधत होतो."

"आणि भेग कशानं पडेल?" प्तित्सिननं विचारलं. "आपोआप?"

इल्गिझारनं हात बाहेर काढला. पाणी टपकत होतं. त्याचा तो ओला हात वरच्या खिशाकडे गेला, जिथे हिरवी वही होती, आणि तिथेच राहिला.

तीखोन त्या हाताकडे बघत होता. आता काढेल. आता. एकोणीस जून, वेळ, 'कप्तान म्हणतो लाट'. सगळं लिहिलेलं असणार. पण हात हलला नाही. बाहेर साखळीपाशी कापा कुणाला तरी सांगत होती, की बाबा रे, उडणारी नाव आहे, उडायच्या आधी पंख बघावेच लागतात. हात तरी हलला नाही. तीखोनच्या मनात आधी हेच आलं, की ह्यात ह्याचा डाव काय? मग त्याला स्वतःचीच शिसारी आली.

"एकोणीस जूनला ओंडका लागला," तो म्हणाला. "कामा नदीच्या तोंडाशी. पूर्ण वेगात. सुकाणू माझ्या हातात होतं."

"नोंद?"

"केली नाही. इल्गिझारनं तेव्हाच विचारलं होतं. मी लाट म्हणालो. नंतरही तो पंख बघू म्हणत होता. मी त्याला गप्प केलं."

"का?"

"अकरा वर्षं नोंदवही कोरी होती. कोरीच राहावी असं वाटलं."

प्तित्सिननं पेन्सिल काढली आणि बराच वेळ लिहीत राहिला. फेरी रद्द झाली. टोपलीवाल्या बाईनं जाता जाता तीखोनला शिव्या घातल्या. त्यानं त्या ऐकून घेतल्या.

दुपारी क्रेननं नाव उचलली. ठोकळ्यांवर बसलेली रकेता एखाद्या पकडलेल्या मोठ्या माशासारखी ओशाळवाणी दिसत होती. पुढच्या पंखाचा डावा खांब तळाला जिथे जोडलेला होता, तिथून वीतभर भेग पुढे गेली होती. दुरुस्तीवाल्या म्हाताऱ्यानं तीत नख घातलं, आणि नख आत गेलं.

"अजून आठवडाभर," म्हातारा म्हणाला. "फार तर दहा दिवस. मग खांब मागे दुमडला असता. साठच्या वेगात नाक पाण्यात. पुढचं तुम्हीच समजा."

तो गेल्यावर दोघं आणि कापा एवढेच उरले. तीखोननं सिगारेट काढली, पुढे केली. इल्गिझारनं घेतली नाही.

"तपासनिसाला कुणी बोलावलं?" त्यानं विचारलं.

"मी."

"पाण्यासाठी?"

"नाही. तुझ्यासाठी. मला वाटलं तू सिमेंट नेतोस."

"सिमेंट!" इल्गिझार हसला, पण ते हसू लगेच विझलं. त्यानं वही काढून त्याच्या हातात दिली. पानापानावर तारीख आणि उठायला लागलेला वेळ, मिनिटं आणि सेकंद. आणि प्रत्येक ओळीपुढे एक आकडा. बासष्ट. चौसष्ट. एकोणसाठ.

"हे काय?"

"डोकी. मला वाटलं तुम्ही कझानहून बिनतिकिटाची माणसं बसवता आणि लाईशेवला उतरवता. रोज मोजायचो. आकडा बरोबरच यायचा. तेव्हा वाटायचं, कुठे लपवतात कोण जाणे."

"आणि तिकिटं फाडते मी!" कापा कमरेवर हात ठेवून म्हणाली. "एक सिमेंट शोधतोय, एक डोकी मोजतोय. मला विचारावं असं दोघांपैकी एकाच्याही टाळक्यात आलं नाही? मी साठ माणसं घेऊन बसायचे ना त्या भेगेवर!" ती हसत बोलायला लागली होती, पण शेवटी तिचा आवाज फुटला, आणि ती पाठ फिरवून चालायला लागली.

तीखोन वही उलटत होता. एकोणीस जूनचं पान होतं, त्याला वाटलं होतं तसंच होतं. "सकाळी का दाखवली नाहीस?"

"तुम्हाला वेळ दिला," इल्गिझार म्हणाला. "त्याची पेन्सिल कागदाला टेकेपर्यंत. माझं नाव लिहायला त्यानं सुरुवात केली असती, तर मी काढली असती. हंसांसाठी ठपका घेईन मी, तुमच्या लाटेसाठी नाही."

रकेता दुरुस्त होऊन ऑगस्टमध्ये पाण्यावर आली. पावाबद्दल इल्गिझारला लेखी ताकीद मिळाली आणि मिन्निसाला अर्धे हंस विकावे लागले. तीखोनला दोन हंगाम पलीकडच्या तीरावर माणसं नेणाऱ्या संथ बोटीवर काढावे लागले. तिथे तो रोज सकाळी सगळ्यांआधी येऊन तळाचे कप्पे स्वतः उघडून बघायचा. लोक म्हणायचे, म्हातारा आता स्वतःवरही विश्वास ठेवत नाही. तो म्हणायचा, ते बरोबर आहे.

दोन वर्षांनी त्याला पुन्हा पंखांची नाव मिळाली, तेव्हा त्यानं अर्ज करून इल्गिझारला मागितलं. इल्गिझार तोवर दुसऱ्या रकेतावर कप्तानाचा मदतनीस झाला होता. उत्तर कापानंच आणलं.

"नाही म्हणाला," ती म्हणाली. "म्हणाला, नाव चालवावी तर सावेलिचनंच. पण दिवसभर कुणाची नजर पाठीत रुतत असताना माझ्यानं काम होत नाही."

तीखोननं टोपी काढून डोकं खाजवलं. मग म्हणाला, "रागावला होता का?"

"नाही हो. चहा पीत होता. मलाही पाजला."

"बरं," तीखोन म्हणाला, आणि नव्या माणसाचं नाव काय ते विचारायला कचेरीत गेला.